डेसियसचा दाखला

रोमन साम्राज्य ख्रिस्ती कसे झाले, या प्रश्नावर मराठीत हल्ली हिरिरीने वाद होतात. एका बाजूचे म्हणणे असे: रोम अनेक देवांना मानणारा आणि म्हणूनच उदार समाज होता, त्यात एकाच देवाचा आग्रह धरणारा पंथ शिरला, त्या उदारपणाचा फायदा घेऊन वाढला आणि सत्ता हाती येताच त्याने देवळे फोडली. दुसरी बाजू सांगते की गरीब, निःशस्त्र माणसे सिंहांच्या तोंडी गेली आणि केवळ प्रेमाच्या बळावर त्यांनी साम्राज्य जिंकले. दोन्ही कथांत नायक आणि खलनायक यांची तेवढी अदलाबदल होते. एक पात्र मात्र दोन्हींतून गायब असते आणि माझ्या मते तेच मुख्य आहे. ते म्हणजे रोमन राज्यसंस्था.

माझे म्हणणे आधीच मांडतो. साम्राज्यातल्या प्रत्येक माणसाने राज्याला मान्य असलेली उपासना करावी आणि ती केल्याचे सिद्ध करावे, ही कल्पना चर्चने रोमला दिलेली नाही. ती रोमने स्वतः, जुन्या देवांच्या नावाने, इ.स. २४९-५० मध्ये अमलात आणली. त्या वेळी चर्चकडे सैन्य, पोलीस, न्यायालय यांपैकी काहीही नव्हते. पुढे सुमारे एकशे तीस वर्षांनी थिओडोसियस या सम्राटाने ख्रिस्ती श्रद्धेच्या नावाने फर्मान काढले, तेव्हा त्याच्या हाती तयार यंत्रणा होती. देव बदलला होता, हट्ट जुनाच होता. यातून चर्च निर्दोष ठरत नाही, हे पुढे सांगणारच आहे. पण दोष कुठे सुरू झाला हे नीट कळले नाही, तर या इतिहासातून काढलेला कोणताही धडा चुकीचा निघतो.

रोमच्या उदारपणाबद्दल पहिल्या बाजूचे म्हणणे बरेचसे खरे आहे. जिंकलेल्या लोकांचे देव रोमने सहसा मोडले नाहीत, ते आपल्या देवांच्या पंक्तीत बसवले. इजिप्तची आयसिस, आशिया मायनरची मातृदेवता सिबेली आणि सैनिकांचा लाडका मिथ्रास हे सगळे साम्राज्यभर पसरले. युफ्रेटिस नदीकाठच्या ड्युरा-युरोपोस या सरहद्दीवरच्या गावात, शहराच्या तटालगत थोड्या अंतरावर मिथ्रासचे मंदिर, चित्रांनी भरलेले ज्यू प्रार्थनागृह आणि ख्रिस्ती मंडळींनी उपासनेसाठी फिरवून घेतलेले एक राहते घर अशा तिन्ही वास्तू सापडल्या. तिसऱ्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या एकाच वेळी नांदत होत्या. हे चित्र मनोहर आहे आणि खोटेही नाही.

पण हा उदारपणा देवांच्या बाबतीत होता, माणसांच्या एकत्र येण्याबाबत नव्हता. इ.स.पू. १८६ मध्ये मद्यदेव बॅकसच्या उपासकांवर सिनेटने जो ठराव केला, त्याचा ब्राँझचा पत्रा दक्षिण इटलीत सापडला आहे. सरकारी परवानगीवाचून या विधीला पाचांहून अधिक माणसे, म्हणजे दोन पुरुष आणि तीन स्त्रिया यांहून जास्त, जमायची नाहीत असे त्यात नमूद आहे. लिव्ही हा इतिहासकार सांगतो की या प्रकरणात गुंतलेल्यांचा आकडा सात हजारांवर गेला आणि कैदेत टाकलेल्यांपेक्षा मारलेल्यांची संख्या जास्त होती. तेव्हा येशूचा जन्म व्हायला जवळपास दोन शतके अवकाश होता. पुढे गॉलमधल्या ड्रुइड पुरोहितांचा पंथ सम्राटांनी मोडून काढला. जेरुसलेमचे मंदिर इ.स. ७० मध्ये जाळल्यावर, ज्यू लोक आपल्या मंदिरासाठी देत असलेला वार्षिक कर रोममधल्या ज्युपिटरच्या मंदिराच्या नावे वसूल होऊ लागला. अनेक देव मानणारे राज्य आपोआप सहिष्णू असते, या समजुतीला एवढी उदाहरणे पुरेशी नाहीत का?

सम्राट ट्रेजन आणि काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटसचा गव्हर्नर प्लिनी यांचा पत्रव्यवहार याबाबतीत फार बोलका आहे. निकोमेडिया शहरात मोठी आग लागली, म्हणून प्लिनीने दीडशे जणांचे अग्निशामक पथक नेमण्याची परवानगी मागितली. ट्रेजनने नकार दिला. कोणत्याही नावाने आणि कोणत्याही कारणाने माणसे एकत्र आली की त्यांची राजकीय टोळी व्हायला वेळ लागत नाही, असे त्याचे कारण होते. आग विझवणाऱ्यांची संघटनाही ज्या सत्तेला नको, तिला दर आठवड्याला ठरल्या दिवशी पहाटे जमणारी, एकमेकांना शपथेने बांधून घेणारी मंडळी कशी चालणार? त्याच प्लिनीने सुमारे ११२ साली ख्रिस्ती लोकांबद्दल विचारणा केली. त्याआधी त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली होती आणि ‘अतिरेकी अंधश्रद्धा’ याखेरीज त्याला काही सापडले नव्हते. ट्रेजनचे उत्तर असे की त्यांना शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका. आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, देवांना वंदन केले तर सोडून द्या.

इथे दुसऱ्या बाजूच्या कथेलाही कात्री लावावी लागते. पहिली दोनशे वर्षे ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, पण तो तुटक आणि स्थानिक होता. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने रोममधल्या आगीचे खापर त्यांच्यावर फोडले, १७७ मध्ये लिऑनमध्ये जमावाच्या रोषाला काही जण बळी पडले, कुठे एखादा गव्हर्नर कठोर निघाला. मधल्या दशकांत बहुतेक ठिकाणी लोक शांतपणे जगत होते. तीनशे वर्षे अखंड रक्तपात, हे चित्र पुढे विजयी झालेल्या चर्चने रंगवलेले आहे.

सारे बदलले ते सम्राट डेसियसच्या काळात. त्याआधी, २१२ साली, सम्राट कॅराकलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र प्रजाजनांना रोमन नागरिकत्व दिले होते. इजिप्तमधला शेतकरी आणि सीरियातला विणकर एका रात्रीत रोमन झाले. हा निर्णय मोठा होता, आणि त्याचा एक परिणाम सहसा कुणी लक्षात घेत नाही. पूर्वी रोमच्या देवांशी करार होता तो रोम या नगराचा. आता प्रत्येक जण रोमन, म्हणजे प्रत्येकाच्या भक्तीचा हिशेब राज्याला मागता येऊ लागला. त्यातच तिसरे शतक संकटांचे निघाले. सम्राट खून होऊन पडत होते, डॅन्यूबपलीकडून गॉथ उतरत होते, पूर्वेला सासानी पर्शिया उभा ठाकला होता आणि साथीचा भयंकर रोग पसरू लागला होता. २४८ मध्ये रोमने आपल्या स्थापनेची हजार वर्षे साजरी केली आणि पुढच्याच वर्षी डेसियस बंडातून गादीवर आला. देव रुसले आहेत, त्यांना सगळ्यांनी मिळून प्रसन्न करायला हवे, असे त्याला मनापासून वाटत असावे. त्याने फर्मान काढले: प्रत्येकाने सरकारी समितीपुढे देवांना बळी द्यावा, पेयाचे अर्घ्य सोडावे, प्रसादाचे मांस चाखावे आणि तसा लेखी दाखला घ्यावा.

असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तच्या वाळूत टिकून राहिलेल्या पपायरसवर मिळाले आहेत. त्यांतला एक २५० सालच्या जूनमधला, ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या बहात्तर वर्षांच्या गावकऱ्याचा आहे. ओळख पटावी म्हणून ‘उजव्या भुवईवर व्रण’ अशी खूणही नोंदली आहे. मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे, आत्ताही आपल्यासमोर दिला, कृपया खाली सही करावी, असा मजकूर. त्याच्या नावातले ‘ऑरेलियस’ हे कॅराकलाच्या घराण्याचे नाव, नागरिकत्वाबरोबर मिळालेले. म्हणजे २१२ ने ज्याला नागरिक केले, त्यालाच २५० ने दाखला मागितला. आणखी एक दाखला आहे ऑरेलिया अम्मोनूस या बाईचा. ती मगरदेव पेतेसूखोसची पुजारीण होती. देवाच्या सेवेत हयात घालवलेल्या पुजारिणीलाही आपण देव मानतो हे कारकुनापुढे सिद्ध करावे लागले! माझ्या मते धर्माच्या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदांपैकी हा एक आहे. डेसियसचे लक्ष्य फक्त ख्रिस्ती असते, तर त्या बाईला रांगेत उभे करायचे कारण नव्हते. राज्याला हवी होती ती प्रत्येक माणसाची नोंद.

डेसियस २५१ मध्ये गॉथांशी लढताना मारला गेला आणि मोहीम थंडावली. पण वाट मळली होती. सम्राट व्हॅलेरियनने २५७-५८ मध्ये पाळकांना आणि वरिष्ठ वर्गातल्या ख्रिस्ती लोकांना लक्ष्य केले. कार्थेजचा बिशप सिप्रियन त्यात मारला गेला. ३०२ च्या सुमारास सम्राट डायोक्लेशियनने पर्शियातून आलेल्या मानी पंथाच्या प्रमुखांना त्यांच्या ग्रंथांसह जाळण्याचा हुकूम दिला. जुन्या धर्माला नव्याने नावे ठेवावीत हाच मोठा गुन्हा, असे त्यात म्हटले होते. ३०३ च्या फेब्रुवारीत निकोमेडियातले चर्च पाडून त्याने ख्रिस्ती लोकांविरुद्ध सर्वांत मोठी मोहीम उघडली; ग्रंथ जाळले, चर्चे पाडली, आणि पुढच्या वर्षी सर्वांनी बळी द्यावा हा हुकूम परत आला.

या काळात उपासनेच्या स्वातंत्र्याची भाषा कोण बोलत होते? उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक टर्टुलियन. ज्याला जे पटेल त्याची उपासना करणे हा माणसाचा नैसर्गिक अधिकार आहे आणि धर्माची सक्ती करणे हे धर्माचे काम नव्हे, असे त्याने आफ्रिकेच्या गव्हर्नरला लिहिले, तेही डेसियसच्या कितीतरी आधी. डायोक्लेशियनच्या छळानंतर लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकानेही हेच मांडले. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी मिलानमध्ये जो निर्णय केला, त्यात ख्रिस्ती लोकांना आणि इतर सर्वांनाही आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. साम्राज्याच्या हातात तेव्हा एक चांगला मार्ग खरोखर आला होता.

त्याआधी चर्च वाढले कशाने, याचे उत्तर फार गूढ नाही. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस आपल्या मंडळीचा तपशील देतो: ४६ पाळक, ७ डीकन म्हणजे त्यांचे मदतनीस, आणि मंडळीच्या खर्चाने जगणाऱ्या विधवा व गरजू माणसे दीड हजारांहून अधिक. रोमन शहरात धान्यवाटप होते, श्रीमंतांची दाने होती, पण ती नागरिकाला आणि आश्रिताला मिळत. परक्या, आजारी, एकट्या बाईला विचारणारे फार थोडे. पुढे जुन्या देवांना परत आणू पाहणारा सम्राट ज्युलियन स्वतःच आपल्या एका मुख्य पुजाऱ्याला लिहितो की हे गॅलिलीवाले, म्हणजे ख्रिस्ती, स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपली माणसे मात्र उपाशी दिसतात. विरोधकाची ही साक्ष आहे. तरीही ३०० सालच्या आसपास ख्रिस्ती लोकांचे प्रमाण साम्राज्यात एकदशांशाच्या आगेमागे असावे असा अभ्यासकांचा ढोबळ अंदाज आहे. सेवाभावाने ते एक दशांश झाले. उरलेल्या नऊ भागांचे काय झाले, हे सेवाभावाने समजावून सांगता येत नाही.

तिथे राज्य येते. कॉन्स्टंटाइनने पाळकांना नगरसभेच्या जबाबदाऱ्यांतून सूट दिली. ही सूट किती मोठी होती हे समजायला नगरसभासदाची अवस्था पाहावी लागते. शहराचा कर गोळा करायचा आणि कमी पडला तर स्वतःच्या खिशातून भरायचा, अशी ती सक्तीची ‘प्रतिष्ठा’ होती. साहजिकच पैसेवाले पाळक व्हायला धावले, इतके की काही वर्षांतच सम्राटाला त्यावर बंधने घालावी लागली. चर्चला मृत्युपत्राने मालमत्ता घेता येऊ लागली, बिशपच्या निवाड्यांना कायद्याचे बळ मिळाले, देवळांचे सोने सरकारजमा झाले. आणि उत्तर आफ्रिकेत डायोक्लेशियनच्या काळात कुणी ग्रंथ सरकारला सोपवले यावरून चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा कॉन्स्टंटाइनने लिहिले की सर्वांनी एकदिलाने योग्य उपासना केली नाही तर देवाचा कोप माझ्यावरही होईल. डेसियसची भीती हीच नव्हती का? ग्रंथ सोपवणाऱ्यांना न मानणाऱ्या डोनॅटिस्ट गटावर त्याने बळही वापरून पाहिले आणि ३२१ मध्ये ते सोडून दिले. म्हणजे ख्रिस्ती सत्तेच्या सक्तीचे पहिले बळी ख्रिस्तीच होते.

३८० मध्ये थिओडोसियसने सर्व प्रजेने रोमच्या बिशपने मानलेली श्रद्धा धरावी असे फर्मान काढले. ३९१-९२ मध्ये बळी आणि देवळांतली पूजा बंद केली. मधे, ३८४ मध्ये, रोमचा नगराधिकारी सिमॅकस याने सिनेटमधली विजयदेवतेची वेदी परत मागताना विनवले होते की इतक्या मोठ्या रहस्यापर्यंत एकाच वाटेने पोचता येणार नाही. मिलानचा बिशप अँब्रोज आडवा आला आणि वेदी परत मिळाली नाही. एकेकाळी टर्टुलियनने जे मागितले, ते आता सिमॅकस मागत होता, आणि टर्टुलियनचे वारस नाही म्हणत होते.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा. विरोधक म्हणतील, यंत्रणा रोमची असेल, पण ‘इतर सगळे देव खोटे’ हा विचार चर्चचाच होता; डेसियसने मगरदेवाची पूजा कधी थांबवली नाही. हे अगदी खरे आहे आणि ते टाळून चालणार नाही. डेसियसला त्या पुजारिणीकडून जास्तीची पूजा हवी होती, थिओडोसियसने पूजाच काढून घेतली. ३४० च्या दशकात फिर्मिकस मातेर्नस, जो स्वतः अलीकडेच ख्रिस्ती झाला होता, तो सम्राटांना देवळे उद्ध्वस्त करायला उघडपणे चिथावत होता. ३९१ च्या सुमारास अलेक्झांड्रियातले सेरापिसचे भव्य मंदिर पाडले गेले. ४१५ मध्ये त्याच शहरात ख्रिस्ती जमावाने हिपाशिया या विदुषीची हत्या केली. आणि युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावातली ३८८ ची घटना मला या सगळ्यांत जास्त बोचते. तिथे बिशपच्या चिथावणीने जमावाने ज्यू प्रार्थनागृह जाळले. थिओडोसियसने ते चर्चच्या खर्चाने बांधून द्यायला सांगितले, म्हणजे राज्य या वेळी न्यायाने वागत होते. अँब्रोजने त्याच्यावर दबाव आणून तो हुकूम मागे घ्यायला लावला. इथे सक्ती राज्याने चर्चला शिकवली असे म्हणता येत नाही. चर्चने राज्याला न्यायापासून रोखले.

मग माझे म्हणणे उरते का? माझ्या मते उरते, कारण आपलाच देव खरा मानणे आणि दुसऱ्याला कायद्याने तो मानायला लावणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सत्तेने भरून निघते. ज्यूही इतर देवांना खोटेच मानत होते. साम्राज्यभर विखुरलेल्या त्यांच्या वस्त्यांनी शेजाऱ्यांवर ते लादले नाही. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याचे उदाहरण तर निर्णायक आहे. धर्मात बळ वापरू नये असे त्याचे मूळ मत होते. ते का बदलले हे त्याने ४०८ च्या सुमाराच्या पत्रात लिहून ठेवले आहे: सम्राटांच्या कायद्यांच्या धाकाने त्याचे स्वतःचे गाव डोनॅटिस्टांकडून परत आले, हे त्याने पाहिले. कायदा आधी आला, तो चालतो असे दिसले, आणि मग त्याला धर्मशास्त्राचा आधार शोधला गेला. सगळ्यांनी तो मुकाट्याने मान्य केला असेही नाही. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन या बिशपला ट्रियरमध्ये सम्राट मॅक्सिमसने देहदंड दिला, तेव्हा तूरचा बिशप मार्टिन रक्तपात करू नका म्हणून विनवत होता, आणि नंतर आरोप करणाऱ्या बिशपांशी संबंध तोडणाऱ्यांत अँब्रोजही होता.

रोम बुडाला तो ख्रिस्ती झाल्यामुळे, या जुन्या आरोपावर जास्त शब्द खर्चायला नकोत. साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग जास्त ख्रिस्ती होता आणि तोच १४५३ पर्यंत टिकला.

खरी कसोटी साम्राज्याबाहेर आहे. हाच धर्म पर्शियात होता, पण तिथली सत्ता त्याच्याकडे नव्हती. उलट रोमचा सम्राट ख्रिस्ती झाल्यावर पर्शियातल्या ख्रिस्ती लोकांवर शत्रूचे हस्तक म्हणून तिथला राजा शापूर दुसरा याने ३४० च्या सुमारास वरवंटा फिरवला. तिथूनच हा धर्म आपल्या किनाऱ्यावर आला. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी लिहितो की ‘कॅलिआना’ येथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे. हे ठिकाण म्हणजे आपले ठाण्याजवळचे कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. केरळात ८४९ च्या ताम्रपटाने कोल्लमच्या चर्चला तिथल्या राजाने जमीन आणि हक्क दिले. या लोकांचाही देव एकच होता आणि ग्रंथही तेच होते. शतकानुशतके ते शेजाऱ्यांच्या देवळांजवळ राहिले.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले ते थिओडोसियसचा वारसा घेऊन. पोपने त्यांच्या राजाला बिशप नेमण्याचा आणि चर्च चालवण्याचा अधिकार दिला होता, त्यामुळे राजाचा अधिकारी आणि धर्माचा अधिकारी यांत फारकत उरली नव्हती. १५४० च्या सुमारास गोव्यातल्या तिसवाडीतली देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आले, आणि त्याच सुमारास कुशस्थळीचा मंगेश झुवारी ओलांडून प्रियोळला गेला, कारण तिथे पोर्तुगिजांचे राज्य संपत होते आणि आदिलशाहीचे सुरू होत होते. देव कुठे सुरक्षित राहील हे राज्याच्या हद्दीने ठरवले. आणि १५९९ मध्ये गोव्याचा आर्चबिशप मेनेझिस केरळात उदयंपेरूरला गेला. त्याने तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांना सभा भरवून रोमच्या शिस्तीत यायला भाग पाडले आणि त्यांचे सिरियाक भाषेतले ग्रंथ जाळायला लावले. ज्यांना सगळे उत्तर त्या धर्माच्या स्वभावात सापडते, त्यांनी ही आग समजावून सांगावी, कारण तिच्यात जळणारे ग्रंथ ख्रिस्ती होते. आणि ज्यांना सगळे उत्तर प्रेमाच्या विजयात सापडते, त्यांनी आधी कॅलिनिकमच्या ज्यूंना काय सांगणार ते सांगावे.